तीन नंबरचा एक्झॉस्ट

वाघबीळचा चढ संपत आला होता आणि आवाज आला. पत्र्याच्या डब्यात कुणी खिळा आपटावा तसा, इंजिनच्या वेगाबरोबर वाढणारा. मावसभावानं पाय काढला, गाडी कडेला घेतली, किल्ली फिरवली आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिला. बॉनेट उघडायची त्याला गरज वाटली नाही. दीड वर्षात हा आवाज चौथ्यांदा ऐकू येत होता. "तीन नंबर," तो म्हणाला, "एक्झॉस्ट." गाडी ओढून कोल्हापूरला आणली. रॉकर कव्हर काढलं, तर तेच निघालं. तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा रॉकर बुशापाशी मोडून दोन तुकड्यांत पडला होता.

ही गाडी प्रीमियर पद्मिनी, ऐंशीच्या दशकातली. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली. मूळ इटालियन फियाट ११००. १९७४ पासून तिला पद्मिनी म्हणू लागले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती सगळ्यांच्या ओळखीची, आणि तीही २०२३च्या ऑक्टोबरात वयाच्या अटीमुळे रस्त्यावरून गेली. इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडर, ६८ मिलिमीटरचा बोअर आणि ७५चा स्ट्रोक. कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये, व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, आणि दोघांना जोडणारे लांबलचक पुशरॉड.

मावसभावाला ही गाडी ट्रॅकवर पळवायची होती. हौस जुनीच आहे. जुहूच्या विमानतळावर आणि मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर मोटारशर्यती होत, त्या काळापासून भारतातल्या हौशी लोकांनी घरच्याच गाड्यांची इंजिनं खोलून, घासून, पुन्हा बांधून शर्यतीला लावली आहेत. त्यानंही तेच केलं. हेडला फेस मारून कॉम्प्रेशन वाढवलं. कॅमशाफ्ट ग्राइंड करून घेतला, म्हणजे व्हॉल्व्ह अधिक उघडावेत आणि अधिक वेळ उघडे राहावेत. मूळ स्प्रिंगांच्या जागी एकात एक बसणाऱ्या, कडक स्प्रिंगांच्या जोड्या घातल्या. चारही एक्झॉस्टना नव्या, कडक सीट बसवल्या. दोन कार्ब्युरेटर लावले. जे इंजिन पाच हजार फेऱ्यांच्या आसपास दमून जायचं, ते साडेसहा हजारांपर्यंत चढायला लागलं. आणि मोडायलाही लागलं.

पहिल्यांदा पुशरॉड वाकला. मेकॅनिक म्हणाला, जुना होता, वेग सोसला नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात जाड नळीचे आठ नवे पुशरॉड करून घेतले. तीन महिन्यांनी टॅपेटचा आवाज वाढत गेला. उघडून पाहिलं तर कॅमचा लोब, म्हणजे त्याचा उंचवटा, घासून निम्मा झालेला आणि त्यावरच्या टॅपेटच्या तोंडाला खड्डे. दोष तेलावर गेला. दुसरा कॅम ग्राइंड करून आणला, महागडं तेल घातलं. मग आतली स्प्रिंग तुटली. दोष स्प्रिंगच्या मालावर गेला, आणि आठही ठिकाणी दुसऱ्या बनावटीच्या, आणखी कडक स्प्रिंगा बसल्या. त्यानंतर हा रॉकर.

चार वेळा चार वेगळे भाग मोडले, म्हणून चार वेगळी कारणं सांगितली गेली. जागा मात्र चारही वेळा तीच होती. दुसऱ्यांदा तो योगायोग वाटला, तिसऱ्यांदा दुर्दैव. चौथ्या वेळी मी वही घेऊन बसलो, कारण मला हे प्रकरण एका गाडीपुरतं वाटेनासं झालं होतं. गॅरेजात, कारखान्यात, शेतावरच्या पंपावर आपण दुरुस्ती अशीच करतो. मोडलेला भाग काढतो, जाड भाग घालतो आणि पुढच्या मोडतोडीपर्यंत निर्धास्त होतो.

एक गोष्ट समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. कॅमशाफ्ट क्रॅन्कच्या निम्म्या वेगानं फिरतो. इंजिन सहा हजारांवर असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला पन्नास वेळा उघडतो आणि पन्नास वेळा मिटतो. एका उघडझापीला साडेसात मिलिसेकंदांच्या आसपास वेळ मिळतो. कॅमचा उंचवटा टॅपेट उचलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरचं एक टोक वर ढकलतो आणि दुसरं टोक व्हॉल्व्हला खाली दाबतं. रॉकर म्हणजे तराजूची दांडी, पण तिचा आस बरोबर मध्यावर नसतो. पुशरॉड एक मिलिमीटर उचलला की व्हॉल्व्ह त्याहून जास्त खाली जातो. बहुतेक पुशरॉड इंजिनांत हे प्रमाण दीडपटीच्या आसपास असतं. कॅम ग्राइंड करणारा अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची भाषा बोलतो. व्हॉल्व्हपाशी त्याचं काय होतं, हे गुणून पाहायचं काम इंजिन बांधणाऱ्याचं.

उघडण्याचं काम कॅम करतो. मिटवण्याचं काम एकट्या स्प्रिंगचं. वेग वाढला की या भागांवरचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. पाच हजारांवरून सहा हजारांवर जाताना वेग वीस टक्के वाढला, तरी जोर चव्वेचाळीस टक्क्यांनी वाढतो. स्प्रिंग कमी पडली की व्हॉल्व्ह कॅमचा पाठलाग सोडून तरंगायला लागतो आणि सीटवर आपटतो. या एका स्प्रिंगपायी जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांनी डोकं फोडलं आहे. १९५४च्या मर्सिडीझ डब्ल्यू १९६ या शर्यतीच्या गाडीत व्हॉल्व्ह मिटवायलाही वेगळा कॅम होता. फाबिओ तालिओनी यांनी १९५६ साली डुकाटीच्या शर्यतीच्या मोटरसायकलला तीच पद्धत लावली, आणि डुकाटीनं ती आपल्या काही इंजिनांत आजवर जपली आहे. रेनोनं १९८६ साली फॉर्म्युला वनच्या इंजिनात तारेची स्प्रिंगच काढून दाबलेल्या वायूची बसवली. आपल्याकडच्या हौशी माणसाला यातलं काहीच परवडत नाही. तो तारेच्या स्प्रिंगा बदलतो, आणि कडक स्प्रिंग म्हणजे चांगली स्प्रिंग असं धरून चालतो.

शिवाजी उद्यमनगरात एक वयस्क मेस्त्री आहेत. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. ऑइल इंजिनांवर त्यांची हयात गेली. उसाच्या मळ्यांना पाणी देणारी इंजिनं कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या बनली आणि दुरुस्त झाली. शिरोलीच्या आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या त्याच कसबातून वाढल्या. अण्णा आता रोज काम करत नाहीत, पण शब्द टाकला तर येतात. ते आले, रॉकरचे तुकडे हातात घेतले आणि बाजूला ठेवून दिले.

"काय मोडलं ते र्‍हाऊ दे," ते म्हणाले. "मोडायच्या आधी काय काय बदललं, ते सांग."

मावसभाऊ सांगत गेला, मी लिहीत गेलो. मग त्यांनी विचारलं, जुने मोडलेले पार्ट कुठं आहेत. वाकलेला पुशरॉड आणि घासलेला कॅम भंगारात गेले होते. तुटलेल्या स्प्रिंगचे तुकडे मी सहज म्हणून बडीशेपेच्या डब्यात ठेवले होते, तेवढेच हाती होते. अण्णांचा चेहरा उतरला. "साक्षीदार इकून खाल्लासा की रं," ते म्हणाले. त्यात राग नव्हता, हळहळ होती, आणि ती मला आजही बोचते.

स्प्रिंगचा तुकडा भिंगाखाली धरला. तुटलेल्या तोंडावर एका बिंदूपासून निघालेल्या बारीक वक्र रेघा होत्या, ओहोटीच्या लाटा वाळूवर सोडतात तशा, आणि उरलेला भाग खरखरीत होता. याचा अर्थ स्प्रिंग एका फटक्यात तुटली नव्हती. एक चीर लाखो फेऱ्यांत हळूहळू पुढे सरकत गेली आणि उरलेली तार एके दिवशी सुटली. पण अण्णांनी माझं बोट दुसरीकडे नेलं. तारेच्या वरच्या आणि खालच्या अंगाला, वेढा वेढ्यासमोर येतो तिथे, चकचकीत चपटे डाग पडले होते. "हिला दुसऱ्या कुणी मारलं न्हाई. ही सोताच सोताला धडकलीया."

संशय तिथेच पक्का झाला असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. तसं झालं नाही. डाग एवढंच सांगत होते की वेढे एकमेकांवर आपटले. व्हॉल्व्ह तरंगायला लागला आणि स्प्रिंग स्वतःच्या कंपनात सापडली तरी वेढे आपटतात. कॅमचा उतार चुकीचा असला तरी आपटतात. म्हणून एकेका संशयिताला बाजूला काढावं लागलं, आणि त्यात तीन रविवार गेले.

तेलाचं सांगतो, कारण जुन्या गाड्यांच्या मंडळींत तेलावर फार बोललं जातं. या इंजिनातले टॅपेट लोबवर घासत चालतात, रोलर नसतो. त्या घासणीत धातू वाचवतं ते तेलातलं जस्त आणि फॉस्फरस असलेलं रसायन. हा फॉस्फरस नव्या गाड्यांच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला मारतो, म्हणून २००४ साली आलेल्या एपीआय 'एसएम' दर्जात त्यावर ०.०८ टक्क्यांची कमाल मर्यादा आली. तेव्हापासून घासलेला प्रत्येक कॅम तेलाच्या नावावर लिहिला जातो. पण ती मर्यादा पातळ ग्रेडच्या तेलांना आहे. २०डब्ल्यू-५० सारख्या जाड तेलांना ती लागू नाही, आणि या गाडीत पहिल्यापासून तेच तेल होतं. शिवाय तेल वाईट असतं तर आठांपैकी एकच लोब कसा खाल्ला गेला असता? नवा कॅम बसवताना मावसभावानं नियमही पाळला होता. लोबना लेप लावून इंजिन सुरू केलं आणि वीस मिनिटं दोन हजारांच्या खाली येऊ दिलं नाही, कारण लोबवर तेल उडतं ते क्रॅन्कच्या वेगामुळे, आणि आयडलवर ते पुरत नाही.

मग टॅपेट. त्याचं तोंड सपाट दिसतं, पण किंचित फुगीर घासलेलं असतं, आणि लोबलाही नजरेत न येणारा उतार असतो. त्यामुळे टॅपेट प्रत्येक धक्क्याला थोडा स्वतःभोवती फिरतो आणि झीज वाटली जाते. फिरणं थांबलं की लोब गेलाच. याची परीक्षा देखणी आहे. दुसरा रॉकर घालून इंजिन जुळवलं, आठही पुशरॉडना पांढऱ्या रंगाचा एकेक ठिपका लावला आणि कव्हर काढून आयडलवर सुरू केलं. आठही ठिपके संथ फिरताना दिसले. म्हणजे हा कॅम ज्यानं ग्राइंड केला त्याची चूक नव्हती. गेले चार महिने आम्ही त्या माणसाबद्दल वाईट बोलत होतो.

व्हॉल्व्ह पिस्टनला लागतो का, हे पाहायला हेड उतरवून पिस्टनवर मुलांच्या खेळण्यातली चिकणमाती थापली, हेड परत कसलं, इंजिन हातानं दोन फेरे फिरवलं आणि मातीत उमटलेला ठसा कापून मोजला. एक्झॉस्टच्या बाजूला अडीच मिलिमीटर जागा तरी हवी. इथे तीनच्या वर होती. रॉकर व्हॉल्व्हच्या टोकावर नीट बसतो का, हे शाई लावून पाहिलं. कॅमचं टायमिंग अंशांची चकती आणि डायल गेज लावून तपासलं. सगळं ठीक निघालं, आणि ठीक निघत गेलं तसा मावसभावाचा धीर सुटत गेला.

तिसऱ्या रविवारी अण्णा बाकावर चहा पीत बसले होते. समोर रॉकरची रांग होती. प्रत्येक रॉकरच्या पुशरॉडकडच्या टोकाला टॅपेट सेट करायचा स्क्रू असतो, तो जागच्या जागी धरणारा नट, आणि दुसऱ्या टोकाखाली स्प्रिंग. अण्णांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, "मिटल्या व्हॉल्व्हवर स्प्रिंगच्या वेढ्यांत फट किती दिसती, मोज बरं."

मी मोजली. सात स्प्रिंगांत सारखी. तीन नंबरच्या एक्झॉस्टला कमी.

एवढीशी फट. दीड वर्ष ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. टॅपेट सेट करताना प्रत्येक वेळी त्याच रॉकरच्या नटाला पाना लावला गेला, फिलर गेज सरकवून टॅपेटची फट बरोबर केली गेली, आणि ती बरोबर आली म्हणून कुणी स्प्रिंगकडे पाहिलं नाही. वेढे जास्त जवळ होते, याचा अर्थ ती स्प्रिंग बाकीच्यांपेक्षा जास्त दाबलेली बसली होती.   

हेड पुन्हा उतरलं. या वेळी स्प्रिंगा काढून आठही जागी बसवलेल्या स्प्रिंगची उंची मोजली. इंजिन बांधतानाच मोजायला हवी होती ती. सात ठिकाणी साडेछत्तीस मिलिमीटरच्या आगेमागे. तीन नंबरच्या एक्झॉस्टला ३५.४. स्प्रिंगांची जोडी व्हाइसमध्ये पूर्ण दाबली. आतली आधी मिटली, आणि ती मिटली तेव्हा जोडीची उंची होती २६.१. नव्या कॅमनं व्हॉल्व्ह उघडतो ९.१ मिलिमीटर. हिशेब वहीत तसाच आहे. सात व्हॉल्व्ह पूर्ण उघडले तरी स्प्रिंगला १.३ मिलिमीटर श्वास उरतो. तीन नंबरच्या एक्झॉस्टला उरतो ०.२.

इंजिन बांधणारे इथे किमान एक ते दीड मिलिमीटर जागा ठेवतात. हातानं फिरवलं तर ०.२ पुरतं, काहीच अडत नाही. आयडलवरही अडत नाही, म्हणून गॅरेजात आवाज कधी आलाच नाही. पण साडेसहा हजारांवर व्हॉल्व्ह किंचित पुढे झेपावतो, स्प्रिंगचे वेढे लाटेसारखे एका बाजूला गोळा होतात आणि तार मिटून लोखंडाची नळी बनते. कॅम मात्र फिरतच असतो. त्याला वर उचलायचं असतं आणि वर जागा नसते. तेव्हा साखळीतला सर्वांत अशक्त दुवा जातो. आधी तो मूळचा पुशरॉड होता. तो जाड केला, तर जोर लोबवर आणि टॅपेटवर उतरला. कॅम नवा घातला, तर स्प्रिंगची चीर पुढे सरकली. स्प्रिंग आणखी कडक घातली, तर रॉकर मोडला. प्रत्येक दुरुस्तीनं मार फक्त पुढच्या भागाकडे सरकवला होता.

हा एक मिलिमीटर आला कुठून, याचं उत्तर त्या व्हॉल्व्हच्या खालीच होतं. स्प्रिंग ज्या खळग्यात बसते तिथला जुना काजळ-तेलाचा थर खरवडला, तर तळातून एक पोलादी वायसर निघाली. इतकी काळी की हेडचाच भाग वाटावी. बाकी सात खळग्यांत तशी काही नव्हती.

गाडीच्या आधीच्या मालकांनी कागदपत्रांबरोबर दुरुस्तीची वही दिली होती. एक निवृत्त शिक्षक, अक्षर मोत्यासारखं. मावसभावानं ती कधी उघडली नव्हती. त्यात २००३ सालच्या नोंदीत एक ओळ सापडली. तीन नंबरच्या एक्झॉस्टची सीट खोल गेली, व्हॉल्व्ह वर चढला, स्प्रिंग ढिली पडली म्हणून एक मिलिमीटरची वायसर घातली.

त्या ओळीनं सगळा इतिहास जुळला. शिशाचं पेट्रोल भारतात १ फेब्रुवारी २००० पासून बंद झालं. माणसांच्या, विशेषतः मुलांच्या रक्तातलं शिसं कमी करणारा तो निर्णय होता आणि तो योग्यच होता. पण जुन्या इंजिनांत शिशाचा पातळ थर एक्झॉस्टच्या मऊ सीटना वाचवत असे. तो गेला आणि अनेक जुन्या गाड्यांच्या सीट तापून, झिजून खोल गेल्या. त्या वेळच्या मेस्त्रींनी वायसर घातली ती अगदी बरोबर घातली. सीट खोल होती तोवर ती वायसर हवीच होती.

चूक पुढे झाली. गाडी सुधारताना चारही एक्झॉस्टना नव्या सीट बसल्या, व्हॉल्व्ह आपल्या मूळ जागी खाली आला, आणि वायसर तिथेच राहिली. स्प्रिंगची उंची एका नंबरच्या व्हॉल्व्हवर मोजून बाकी सात तशाच असतील असं धरलं गेलं. इंजिन मूळ अवस्थेत राहिलं असतं तर बिघडलं नसतं, कारण जुना कॅम व्हॉल्व्ह कमी उघडायचा आणि जुनी स्प्रिंग ऐसपैस होती. कारखान्यानं ठेवलेली ती मोकळी जागा अशा चुका पोटात घेत होती. आपण कॅम बदलला तेव्हा ती जागा खर्च केली. माझ्या मते इंजिन सुधारण्यातली खरी जोखीम इथे आहे. वाढवलेली ताकद आकड्यांत दिसते. खर्च केलेली मोकळीक कुठेच दिसत नाही, ती मोजावी लागते, आणि आठ व्हॉल्व्ह असतील तर आठ वेळा मोजावी लागते.

मी हे अण्णांना म्हटलं. ते वायसर कापडानं पुसत होते. "नवा पार्ट घातला की इंजिनचं तोंड बंद हुतंय," ते म्हणाले. "दुखणं न्हाई जात."

कामाची मजुरी त्यांनी घेतली नाही. मावसभावानं आग्रह केला, तेव्हा त्यांनी शिक्षकांची ती वही वाचायला मागितली आणि दोन दिवस ठेवून घेतली.

तुमच्याकडे जुनी गाडी असेल, मोटरसायकल असेल, मळ्यावरचं इंजिन असेल, तर दोन विनंत्या आहेत. मोडलेला भाग भंगारात देऊ नका; पिशवीत घाला, तारीख आणि जागा लिहून चिठ्ठी लावा. आणि दुरुस्तीची वही ठेवा, मिलिमीटरसकट. त्या शिक्षकांनी एक ओळ लिहिली नसती, तर वायसर आम्हाला सापडली असती, पण ती तिथे का आहे हे कळलं नसतं, आणि कुणीतरी ती परत बसवलीही असती.

वायसर माझ्या टेबलावर आहे. मायक्रोमीटरवर तिची जाडी १.०२ मिलिमीटर भरते. ती काढल्यापासून पद्मिनी दोन हजार सहाशे किलोमीटर चालली आहे, त्यात ट्रॅकवरचे दोन दिवस आले. रॉकर कव्हर तीनदा उघडून पाहिलं. आठही स्प्रिंगांच्या वेढ्यांत सारखी फट आहे.